स्टेशनबाहेरचा अंधार : सबवेपासून रिक्षा स्टँडपर्यंतची वाट उजळून कशी घ्यावी

रात्री साडेनऊपर्यंत मुंबईच्या कुठल्याही उपनगरी स्टेशनबाहेरचा रस्ता उजळलेलाच वाटतो. मोबाइलची दुकानं, मेडिकल, वडापावच्या गाड्या, फळवाल्यांचे लोंबते बल्ब, सगळ्यांचा मिळून लख्ख उजेड असतो. पण तो उसना असतो. शटर पडली, गाड्या झाकल्या गेल्या की महापालिकेच्या आणि रेल्वेच्या दिव्यांचा उजेड मुळात किती आहे ते कळतं. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या पाळीच्या नर्सेस, कॉल सेंटरची मुलंमुली, हॉटेलात भांडी घासून परतणाऱ्या मावश्या गाडीतून उतरतात. पहाटे चारला पहिल्या लोकलसाठी निघणाऱ्या कोळणींची आणि दादरच्या बाजाराला जाणाऱ्या फुलवाल्यांची वाटही तीच.

आमच्या स्टेशनच्या पूर्वेला सबवेचं तोंड आणि रिक्षा स्टँड यांच्यामध्ये असाच एक काळोखा पट्टा होता. आम्ही अकरा तक्रारी केल्या. मजकूर दरवेळी एकच : ‘इथे अंधार आहे, कृपया दिवे लावावेत.’ रेल्वे आणि महापालिका या दोन कार्यालयांकडून उत्तरही आळीपाळीने एकच येत होतं : सदर जागा आमच्या हद्दीत येत नाही. सात महिने असे गेले. मग आम्ही रात्री टेप घेऊन गेलो, खांबांचे नंबर टिपले, प्रकाश मोजला आणि कागदावर नकाशा काढला. त्या कागदावर मात्र कोणाला ‘आमचं नाही’ म्हणता आलं नाही. पुढे लिहिलंय ते सगळं त्या सात महिन्यांत आणि त्यानंतर दुसऱ्या स्टेशनांवर केलेल्या कामातून शिकलेलं आहे. उदाहरणं मुंबई आणि आसपासची आहेत, पण कार्यालयांची नावं बदलली की पुणे-नागपूरलाही ही पद्धत चालेल.

एक वाट निवडा

‘स्टेशन परिसरात अंधार’ ही तक्रार इतकी मोठी असते की ती कोणीच उचलत नाही. एकच वाट घ्या : पुलाच्या शेवटच्या पायरीपासून बस स्टॉपपर्यंत, किंवा सबवेच्या पूर्वेकडच्या जिन्यापासून पश्चिमेकडच्या जिन्यापर्यंत. शंभर-दीडशे मीटर पुरे. कोणती निवडावी हे ठरवायला सोपा उपाय आहे. रात्री अकराच्या गाडीतून उतरणाऱ्या बायकांना विचारा, त्या कुठून जाणं टाळतात. जवळचा रस्ता सोडून लांबून जाणारी माणसं जिथे दिसतील, तीच तुमची वाट.

रात्रीची पाहणी

किमान चारजण जा. त्यांत दोन बायका हव्यात आणि एखादे ज्येष्ठ नागरिक हवेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला झगमगणारा दिवा जसा टोचतो, तसा तरुण डोळ्यांना टोचत नाही. कुबडी किंवा व्हीलचेअर वापरणारं कोणी सोबत आलं तर फारच उत्तम. रेल्वेच्या आवारात मोजणी करायची असेल, फोटो काढायचे असतील, तर आधी स्टेशन अधीक्षकांना लेखी कळवून परवानगी घ्या. त्या पत्राची पोच पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

वेळ साडेदहा ते साडेअकरा. दुकानं बंद झालेली असतात आणि गाड्या चालू असतात. एक फेरी कोरड्या रात्री आणि एक पावसात करा. ओला डांबरी रस्ता दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यांवर फेकतो आणि खड्डा लपवतो. सबवे असेल तर एक फेरी भर दुपारी करायलाच हवी. त्याचं कारण पुढे येईल.

फोटो काढताना मोबाइलचा नाइट मोड बंद करा. तो काळोखाचा उजेड करून दाखवतो आणि अधिकारी फोटो बघून म्हणतात, ‘इथे तर चांगलं दिसतंय.’ आमचं एकदा असं झालं आहे. आधीचे आणि नंतरचे फोटो एकाच फोनने, एकाच जागी उभं राहून, शक्य तेवढ्या सारख्या सेटिंगवर काढा.

मोजणी कशी करायची

जमिनीवर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. साधा लक्समीटर हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल विभागाकडे विचारलंत तर चांगल्या प्रतीचा मीटर आणि सोबत दोन उत्साही विद्यार्थीही मिळू शकतात. मोबाइलच्या ॲपवर आकड्यांसाठी विसंबू नका. प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळं सांगतो. दोन जागांची तुलना करण्यापुरतं ते चालेल.

दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजा आणि त्यात सारख्या अंतरावर सात-आठ खुणा करा. प्रत्येक खुणेवर मीटर जमिनीवर आडवा ठेवा, स्वतः बाजूला व्हा म्हणजे तुमची सावली त्यावर पडणार नाही, आणि आकडा लिहा. समजा आकडे असे आले : २२, १४, ६, २, ३, ९, १९. बेरीज ७५, सरासरी साधारण १०.७ लक्स.

रस्त्यांच्या प्रकाशासाठी आयएस १९४४ हे भारतीय मानक आहे. त्यात रस्त्यांचे गट पाडलेले आहेत. मोठ्या वाहतुकीच्या रस्त्यांना सरासरी ३० लक्स, मुख्य रस्त्यांना १५, वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांना ८ आणि कमी वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांना ४. म्हणजे आपली १०.७ ची वाट वर्दळीचा दुय्यम रस्ता म्हणून पास झाली! कार्यालयातून नेमकं हेच उत्तर येतं. पण त्याच मानकात दुसरी अट आहे, समानतेची. सर्वांत कमी आकड्याला सरासरीने भागायचं. दुय्यम रस्त्यांसाठी हे उत्तर किमान ०.३ यायला हवं, वरच्या दोन गटांसाठी ०.४. आपलं येतं २ भागिले १०.७, म्हणजे ०.१९. नापास. दिव्याखाली लख्ख आणि मध्ये काळोख अशी ही वाट आहे. लख्ख जागेतून आलेल्या डोळ्यांना पुढचा काळोख आणखी गडद वाटतो, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना काही मिनिटं लागतात आणि तो पट्टा पार व्हायला वीस सेकंद.

आता चेहऱ्याची चाचणी. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची, आणि तिला मीटर लागत नाही. एकाने काळोख्या जागी उभं राहायचं, दुसऱ्याने समोरून चालत यायचं आणि चेहरा ओळखू आला की थांबायचं. अंतर मोजा. समोरून येणारा माणूस कोण आहे, त्याचा रोख काय आहे, हे निदान चार मीटरवरून कळायला हवं. त्याहून जवळ आल्यावर बाजूला व्हायला जागा उरत नाही. दहा मीटरवरून कळलं तर माणूस निर्धास्त चालतो. पुष्कळदा रस्ता उजळ असतो पण दिवा माणसाच्या पाठीमागे असल्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसती काळी आकृती दिसते. जमिनीवरचे आकडे ही गोष्ट सांगत नाहीत.

आकड्यांसोबत बाकीचंही टिपा. वाट मोकळी आहे की कोपरे आहेत, आजूबाजूला माणसं दिसतात का, त्यांत बायका आहेत का, पोलीस किंवा पहारेकरी जवळ आहे का, चालायला धड जागा आहे का. बायकांनी स्वतः फिरून असा सुरक्षेचा आढावा घेण्याची पद्धत १९८९ मध्ये टोरांटोत मेट्रॅक या संस्थेने बसवली. आपल्याकडे २०१३ मध्ये सुरू झालेलं सेफ्टीपिन हे ॲप तिच्याच धर्तीवर चालतं आणि त्यातला पहिला निकष प्रकाशाचाच आहे.

खांब कोणाचा?

इथेच बहुतेक तक्रारी मरतात, म्हणून इथे वेळ घालवा.

स्टेशनची इमारत, फलाट, रेल्वेचे पादचारी पूल आणि स्टेशनसमोरचं रेल्वेच्या हद्दीतलं आवार हे रेल्वेच्या विद्युत विभागाकडे असतं. मंडळ रेल्वे प्रबंधकांच्या, म्हणजे डीआरएमच्या कार्यालयातले वरिष्ठ मंडळ विद्युत अभियंता हे त्याचं दार. रस्त्याची जबाबदारी महापालिकेची, पण मुंबईत खांबावरचा दिवा बदलायला येणारी गाडी बहुधा वीज कंपनीची असते : कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, त्यापुढच्या उपनगरांत बहुतांशी अदानी इलेक्ट्रिसिटी, भांडुप-मुलुंडला महावितरण. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे वीज महावितरणची आणि रस्त्यावरचे दिवे साधारणपणे त्या-त्या महापालिकेच्या विद्युत विभागाचे. स्कायवॉक एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने बांधले. वांद्रे पूर्वेचा पहिला, २००८ चा. मुंबईतले नंतर महापालिकेकडे आले. मेट्रोच्या जिन्याखालची जागा त्या-त्या मेट्रो कंपनीची. आणि सबवे? काही रेल्वेचे, काही महापालिकेचे. कधी भुयार एकाचं, आतले दिवे दुसऱ्याचे आणि पाण्याचा पंप तिसऱ्याचा.

हा घोळ किती महागात पडतो ते शहराने पाहिलेलं आहे. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, माणसं मेली, आणि सुरुवातीचा वाद पूल रेल्वेचा की महापालिकेचा यावर झाला. तो महापालिकेचा होता. दिव्याच्या बाबतीत असा वाद वर्तमानपत्रात येत नाही, एवढाच फरक.

म्हणून प्रत्येक खांबावर रंगवलेला किंवा पत्र्यावर ठोकलेला नंबर टिपा. नंबर नसेल तर ‘अमुक खांबापासून उत्तरेला १८ मीटर, रेल्वेच्या भिंतीपासून २ मीटर’ असं लिहा. कागदावर वाटेचा हाताने नकाशा काढा आणि खांबांना तीन रंग द्या : रेल्वे, महापालिका, माहीत नाही. तिसऱ्या रंगाचे खांब आणि दोन रंगांमधली सांध, अंधार बहुतेक तिथेच सापडतो.

अंधाराचं कारण वाचायला शिका

कारण लिहून दिलं की काम लवकर होतं, कारण योग्य माणूस योग्य सामान घेऊन येतो. एकच दिवा बंद म्हणजे बल्ब किंवा फिटिंग गेलं. सलग सगळी ओळ बंद म्हणजे केबल किंवा पेटीतला बिघाड. दर तिसरा खांब बंद दिसला तर एक फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एक, गेल्याची शक्यता मोठी, कारण ओळीतले दिवे पुष्कळदा तीन फेजवर आळीपाळीने वाटलेले असतात. लुकलुकणारा एलईडी बहुधा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला योग्य वीज पुरवणारा आतला भाग, खराब झाल्याचं सांगतो. दिवसा दिवा चालू असेल तर टायमर किंवा सेन्सर बिघडलेला आहे.

दिवा चालू असूनही खाली काळोख असेल तर वर बघा. पिंपळ किंवा गुलमोहराची फांदी, स्कायवॉकचं छप्पर, जाहिरातीचा फलक, नाहीतर काचेवर साचलेली धूळ आणि मेलेले किडे. फांदी स्वतः तोडू नका. झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि छाटणी महापालिकेच्या उद्यान विभागाकडूनच करून घ्यावी लागते.

आणि एक कळकळीचं सांगणं : खांबाला हात लावू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. तळाशी उघडी पेटी किंवा लोंबती वायर दिसली तर पाहणी बाजूला ठेवून आधी ती कळवा आणि कोणी जवळ जाणार नाही असं बघा.

काय मागायचं

लोक सर्रास ‘हायमास्ट लावा’ म्हणतात, म्हणजे एकाच उंच खांबावर प्रखर दिव्यांचा झुबका. उंच हायमास्ट मैदानाला किंवा मोठ्या चौकाला ठीक. स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगा, टपऱ्या आणि झाडं असतात. उंचावरच्या एकाच ठिकाणाहून आलेला उजेड त्यांच्यामागे गडद सावल्या पाडतो. चालणाऱ्यांच्या वाटेला चार ते सहा मीटर उंचीचे, जवळजवळ लावलेले, कमी ताकदीचे दिवे हवेत. रंग ३००० ते ४००० केल्व्हिन, म्हणजे उबदार ते मध्यम पांढरा. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यात निळा शर्ट आणि काळा शर्ट सारखेच दिसायचे, त्यामुळे साक्षीदाराला वर्णन करता येत नसे. एलईडी घेताना रंग ओळखण्याचा निर्देशांक, सीआरआय, किमान ७० मागा. धूळपाण्यापासून संरक्षणासाठी आयपी ६५ किंवा ६६. दिव्याचा झोत डोळ्यांत किंवा समोरच्या इमारतीच्या खिडकीत जाता कामा नये. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवा. उजेडाचा रंग लोकांना कळतो आणि लागतो.

नव्या खांबाआधी स्वस्त उपाय मागा : काचा पुसणं, फांद्या छाटणं, वाकलेला दिवा सरळ करणं, फलक हलवणं. आम्ही केलेल्या एका पट्ट्यात निम्मा फरक एवढ्यानेच पडला.

सबवेचं शास्त्र वेगळं आहे, तिथे जरा थांबू. पहिली गोष्ट, सबवेत दिव्यांची गरज दिवसाही असते. रस्त्यावरच्या दिव्यांच्या टायमरला ते जोडले असतील तर सकाळी सहाला बंद होतात आणि आतला माणूस दिवसभर अंधारात चालतो. ही चूक मी दोन ठिकाणी पाहिली आहे. दुसरी, भर दुपारी बाहेर कडक उन्हात लाखभर लक्स उजेड असतो आणि आत जेमतेम पन्नास. जिना उतरताना भुयाराचं तोंड काळ्या भोकासारखं दिसतं. पहिल्या चार पायऱ्या चुकतात त्या याच क्षणी. म्हणून तोंडाजवळचे दिवे दिवसा जास्त प्रखर हवेत आणि रात्री उलट मंद, नाहीतर आतल्या झगमगाटातून बाहेर पडणाऱ्याला रस्ता दिसत नाही. तिसरी गोष्ट भिंती. पांढरी स्वच्छ भिंत तिच्यावर पडलेला बहुतेक उजेड परत देते. पानाच्या पिंका आणि धुराने काळवंडलेली भिंत तो गिळते. दिवे न वाढवता नुसत्या रंगाने आणि धुता येणाऱ्या फिक्या टाइल्सने सबवे बदलतो. चौथी, दिवे दोन सर्किटवर आलटूनपालटून असावेत. एक गेलं तर निम्मे तरी चालू राहतील. काही दिव्यांना बॅटरीचा आधार हवाच. जमिनीखाली वीज गेली तर तिथे चांदणंही नसतं. पाणी तुंबणारा सबवे असेल तर पेट्या आणि जोडण्या पाण्याच्या खुणेच्या वर हव्यात. मिलन सबवे आणि अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बातम्यांत येतात, तिथे हे वेगळं सांगायला नको. वळण असेल तर पलीकडचं दाखवणारा बहिर्गोल आरसा मागा, आणि आरशातल्या माणसावर उजेड पडेल असा दिवा.

जिन्यांवर प्रत्येक पायरीची कड दिसली पाहिजे. वरून एकच दिवा मारला तर चालणाऱ्याची स्वतःची सावली पुढच्या पायरीवर पडते.

रुळांजवळ दिवा मागताना रेल्वेची संमती लागणारच. ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्ट असतात, त्यामुळे जवळ खांब उभारण्यावर बंधनं आहेत. झोत मोटरमनच्या डोळ्यांवर जाता कामा नये आणि लाल-हिरवे शोभेचे दिवे सिग्नलच्या आसपास नकोत. मागणीतच तसं लिहिलंत तर एक हरकत आधीच निकाली निघते.

फेरीवाल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रकाशाची मागणी करताना त्यांना हटवण्याची मागणी तिला जोडू नका. चालायला वाट मोकळी हवीच, पण रात्री अकराला भुर्जीपावची गाडी उभी असते तिथे बाई न घाबरता थांबते. रिकामा लख्ख रस्ता तेवढा धीर देत नाही.

पत्र असं लिहा

फोनवरची तक्रार पहिली पायरी : मुंबई महापालिकेसाठी १९१६, रेल्वेसाठी १३९ किंवा रेल मदद. तक्रार क्रमांक घ्या. त्यानंतर महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या सहाय्यक आयुक्तांना आणि डीआरएम कार्यालयाला एकच पत्र, दोघांच्या प्रती एकमेकांना दाखवून. मजकूर साधारण असा :

‘दि. … रोजी रात्री १०.३० ते ११.१५ या वेळेत … स्टेशन (पूर्व) येथील सबवेचे तोंड ते रिक्षा स्टँड ही ६० मीटरची वाट आम्ही पायी तपासली. खांब क्र. … बंद आहे. खांब क्र. … वरील दिवा फांदीआड आहे. सात ठिकाणी अनुक्रमे २२, १४, ६, २, ३, ९ आणि १९ लक्स प्रकाश आढळला. सरासरी १०.७ असली तरी समानता ०.१९ आहे, आयएस १९४४ नुसार ती किमान ०.३ हवी. सोबत नकाशा व फोटो जोडले आहेत. रेल्वे, महापालिका, वीज कंपनी आणि पोलीस यांची संयुक्त पाहणी रात्री १०.३० नंतर ठेवावी, ही विनंती.’

शेवटचं वाक्य गाळू नका. संयुक्त पाहणी सकाळी अकराला ठेवण्याची पद्धत आहे आणि उन्हात सगळे दिवे सारखेच दिसतात. पाहणीच्या वेळी अधिकाऱ्यांना नकाशातल्या सांधेवर उभं करा, चेहऱ्याची चाचणी त्यांच्याकडूनच करून घ्या. एका अभियंत्यांनी ती केली आणि स्वतःच म्हणाले, ‘अहो, तुम्ही दिसतच नाही आहात.’ त्यानंतरची चर्चा दहा मिनिटांत संपली. तिथेच कोण काय कधी करणार याचं अर्ध्या पानाचं इतिवृत्त लिहून सह्या घ्या.

रेल्वेच्या बाजूने काम अडलं तर मंडळ पातळीवरच्या रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीच्या सदस्याला आणि प्रवासी संघटनेला सोबत घ्या. पैशांचं कारण आलं तर आमदार निधी, खासदार निधी आणि जिल्हा नियोजन समिती हे मार्ग आहेत. मागणीत खांबांची संख्या आणि जागा नेमकी असेल तर ती मंजूर व्हायला सोपी जाते.

महिनाभरात काहीच हललं नाही तर माहिती अधिकार. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्र शासनाच्या आणि महापालिकेच्या कार्यालयांसाठी अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. रेल्वे केंद्राची असल्याने तिचा अर्ज वेगळा. तीनच गोष्टी विचारा : या क्रमांकाच्या खांबांची देखभाल कोणाकडे आहे, गेल्या वर्षातल्या दुरुस्तीच्या नोंदींच्या प्रती, आणि कंत्राटातली दिवा बदलण्याची मुदत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. म्हणजे हद्द कोणाची, हे तेच तुम्हाला लेखी कळवतात.

दिवे लागल्यानंतर

त्याच खुणांवर, त्याच वेळी पुन्हा मोजा आणि आकडे दोन्ही कार्यालयांना कळवा. जमलं असेल तर आभारही माना. शिडीवर चढून काम करणाऱ्या वायरमनपर्यंत ते पोचतील असं बघा. मग एका वहीत प्रत्येक खांबाला एक पान द्या : बंद कधी पडला, तक्रार क्रमांक, चालू कधी झाला. एकच खांब वर्षात चारदा बंद पडलेला दिसला तर दिवा बदलून भागणार नाही, केबल तपासायला सांगा. मे महिन्यात पावसाआधी एक फेरी, गणपतीनंतर मंडप आणि कमानी उतरल्या की दुसरी. कमानी बांधताना वळवलेले दिवे पुष्कळदा तसेच राहतात. ही वही आमच्याकडे सध्या स्टेशनसमोरच्या मेडिकलवाल्या काकांच्या गल्ल्याखाली असते, म्हणजे येताजाता कोणालाही नोंद करता येते.